नाटक की बुद्धिबळ

गणिताच्या बाईंना मुलं तराजूबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण शाळेच्या जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे ते रोज बाईंच्या कानावर पडे. बाईंना राग येत नसे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मिळालेलं एकमेव बक्षीस म्हणून त्यांनी ते नाव मनातल्या मनात ठेवून घेतलं होतं. अर्ध्या गुणासाठी भांडायला आलेल्या मुलाला त्या खुर्ची देत, त्याची उत्तरपत्रिका पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासत, आणि अर्धा वाढवायचा असेल तर वाढवत. एक कमी करायचा निघाला तर तोही करत. भांडायला येणारे हळूहळू आटले.

बाईंना वशिल्याचा तिटकारा होता, आणि तो पुस्तकातून आलेला नव्हता. लहानपणी त्यांच्या शाळेत बँडपथक होतं. त्यात बिगुल वाजवायला एक जागा रिकामी झाली, तेव्हा त्या जाड कागदाची सुरळी तोंडाला लावून घरभर फुंकत फिरायच्या. थोरली बहीण म्हणायची, "अगं, शेजारी समजतील घरात बैल आणलाय." बिगुल ठेकेदाराच्या मुलाला मिळाला. त्याला तो नीट धरताही येत नव्हता. मास्तरांनी बाईंना भरतकामात घातलं. बाईंनी तेव्हापासून सुई हातात धरलेली नाही. तुटलेलं बटण त्या आजही दुकानात जाऊन लावून आणतात.

तर अशा बाई ज्या शाळेत गणित शिकवत होत्या, तिथे शनिवारी उपक्रम असत. नाटक, पोहणं, वाद्यवृंद, चित्रकला, बुद्धिबळ आणि बाग. नाटक आणि पोहण्यावर सगळ्यांचा डोळा, बागेवर कुणाचाच नाही. जागा मोजक्या. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला की शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाई म्हणायच्या, "पेरणी सुरू झाली." कुणाचा नातू, कुणाची पुतणी, कुणाच्या साहेबांची मुलगी. फोन संपले की उरलेल्या जागा मुलांना. मुलांनी काय मागितलं होतं ते कुणी वाचत नसे.

एका वर्षी बाई उठल्या आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

"सर, हे मी करू का? वाटपाचं काम?"

मुख्याध्यापक भला माणूस होता. म्हणजे कुणालाच नाही म्हणत नसे. फोन घेऊन घेऊन त्याचा कान लाल झाला होता.

"करा की. पण लोकांना काय सांगायचं?"

"सांगा, गणितानं ठरतं."

"हे बरं आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "गणिताला कुणी फोन करत नाही."

बाईंनी सुट्टीभर बसून पद्धत बसवली. ती समजायला अवघड नव्हती. मुलाला 'तुला काय हवं' असं थेट विचारलं तर तो मित्रानं लिहिलं ते लिहितो. म्हणून त्याला एका वेळी दोनच गोष्टी विचारायच्या. नाटक की चित्रकला? चित्रकला की बुद्धिबळ? पोहणं की बाग? अशा सगळ्या जोड्या. उत्तरं संगणकात घातली की कुठली गोष्ट किती वेळा जिंकली ते कळतं आणि मुलाच्या आवडीचा क्रम आपोआप समोर येतो. त्याला त्या त्या उपक्रमाच्या शिक्षकाचं मत जोडायचं, मागच्या वर्षीची हजेरी जोडायची, की झालं.

एक पाचर मात्र बाईंनी मुद्दाम मारून ठेवली होती. मुलानं नाटकाला चित्रकलेच्या वर ठेवलं, चित्रकलेला बुद्धिबळाच्या वर, आणि मग बुद्धिबळाला पुन्हा नाटकाच्या वर, तर उत्तरं स्वतःभोवतीच फिरतात. असा फेरा एकदा पडला तर चूक समजायची. दोनदा पडला की मुलानं विचार न करता खुणा केल्या असं धरायचं आणि त्याची उत्तरं बाजूला काढायची. पडद्यावर अशा मुलाची ओळ लाल होई. लाल मुलांना शेवटी, उरेल ते. ज्याचं त्यालाच ठरवता येत नाही, त्याला आपण काय देणार, असा बाईंचा सरळ हिशोब होता.

पहिल्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाची ओळ लाल झाली. त्यानं वर्गात बसून बिनदिक्कत डोळे मिटून खुणा केल्या होत्या. तो बागेत गेला. शाळेचा शिपाई फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "साहेबांच्या घरातल्या माणसाच्या हातात फावडं मी ह्याच जन्मी बघितलं." अध्यक्षांनी फोन केला. मुख्याध्यापकांनी गणिताकडे बोट दाखवलं. पालकसभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंना पद्धत समजावून सांगायला व्यासपीठावर बोलावलं.

बाईंनी सगळं सांगितलं. लपवाछपवी करायची तर फोनच काय वाईट होते? त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढून फेरा म्हणजे काय ते दाखवलं, लाल ओळ म्हणजे काय ते दाखवलं. पालकांत तिसऱ्या रांगेत एक शिकवणीवाले सर बसले होते. त्यांची मुलगी त्याच शाळेत होती. ते सगळं भराभर उतरवून घेत होते. बाईंना तो मनुष्य जिज्ञासू वाटला.

बाईंच्या घरात दोन माणसं. एक त्या आणि दुसरी रेडिओ.

रेडिओ म्हणजे त्यांची भाची. थोरली बहीण आजारात गेली, मेव्हण्यानं दुसरा संसार मांडला, आणि पोर मावशीकडे आली ती कायमची. आली तेव्हा महिनाभर बोलली नाही. मग एके दिवशी स्वयंपाकघरातून दूधवाल्याचा आवाज आला, "मावशी, पातेलं." बाई पातेलं घेऊन दाराशी गेल्या, तर दार बंद. ओट्याशी ही बया उभी. त्या दिवसापासून घरात दूधवाला, डॉक्टर, बसचा वाहक, वरच्या मजल्यावरची खोकणारी म्हातारी असे सगळे राहायला आले. मुख्याध्यापक तर जेवायलाच असायचे. "बाई, भाजी छान आहे, पण लोकांना काय सांगायचं?" असं ती मान तिरकी करून म्हणे, आणि बाईंच्या घशात घास अडके.

"बंद कर तो रेडिओ," बाई म्हणत.

"बॅटरी काढावी लागेल, मावशी."

ती सहावीत गेली आणि नाटकाच्या वर्गात जायच्या वयाची झाली. तिला नाटक हवं होतं हे सांगायला जोड्या लागत नव्हत्या. शाळेच्या सभागृहाच्या खिडकीला नाक लावून ती तालमी बघे, आणि घरी येऊन अख्खं नाटक एकटी करी, पडद्याच्या दोरीच्या करकरण्यासकट. नाटकाचे सर बाईंना एकदा जिन्यात म्हणालेही होते, "ही आमच्याकडे कधी येणार?"

"गणितानं आली तर येईल," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यांना स्वतःच्या उत्तराचा अभिमान वाटला होता. तो अभिमान पुढे त्यांना फार महाग पडला.

उत्तरं भरायच्या आदल्या दिवशी दोघी जेवत होत्या.

"मावशी, उद्या ते जोड्यांचं आहे ना? कसं भरायचं असतं?"

"शाळेचं शाळेत. वर सूचना लिहिलेली असते, ती वाचायची."

"बाकीच्यांना घरी सांगितलंय. शिकवणीवाल्या सरांनी तर खास तास घेतला."

"कशाचा तास?"

"मला काय माहीत. मी कुठे जाते शिकवणीला?"

बाईंनी विषय तिथेच तोडला. पद्धत करणाऱ्या माणसानं आपल्या घरच्या मुलीला एक शब्द जरी जास्त सांगितला तरी तो वशिलाच. फेऱ्यांची गोष्ट त्यांच्या ओठांपर्यंत आली होती. त्यांनी ती आमटीबरोबर गिळली. पण ती गोष्ट पालकसभेत सगळ्या पालकांनी ऐकली होती. ज्या एका मुलीचा पालक त्या दिवशी खुर्चीत नव्हता, व्यासपीठावर होता, तिलाच तेवढी कुणी सांगितली नव्हती. हे बाईंच्या लक्षात आलं नाही. न्याय करायच्या नादात माणूस असा आंधळा होतो.

दुसऱ्या दिवशी मुलांनी उत्तरं भरली आणि दुपारी संगणकाच्या खोलीत बाईंनी ती घातली. आकडे सरकले, नावं वरखाली झाली आणि पडदा स्थिर झाला. या वर्षी लाल ओळी फारच थोड्या होत्या. मुलं विचार करायला शिकली, असं बाईंना क्षणभर वाटलं. मग त्यांनी जरा बारकाईनं बघितलं. शिकवणीला जाणाऱ्या एकूण एक मुलाची उत्तरं घासूनपुसून लखलखीत होती, एकही फेरा नाही. शिकवणीवाल्यांनी सोपी युक्ती सांगितली होती: घरूनच क्रम ठरवून जा, तो पाठ करा आणि प्रत्येक जोडीत जो वर असेल त्यावर खूण करा. प्रश्न वाचायचीही गरज नाही. अध्यक्षांचा नातू नाटकाच्या यादीत पहिला आला होता.

आणि लाल ओळींत रेडिओ होती.

बाईंनी तिची उत्तरं उघडली. नाटक की चित्रकला: नाटक. चित्रकला की बुद्धिबळ: चित्रकला. नाटक की बुद्धिबळ: बुद्धिबळ. खाली पोहण्याशी आणि वाद्यवृंदाशी तसाच आणखी एक फेरा. नियमानं चोख लाल. उरलेल्या जागांतून तिच्या वाट्याला बाग आली होती.

त्या दिवशी घरी जाताना बाईंनी स्वतःचाच नियम मोडला आणि रस्त्यातच विचारलं.

"बुद्धिबळ तुला आवडतं कधीपासून?"

"नाही आवडत."

"मग नाटकाच्या वर कसं काय बसवलंस?"

रेडिओ चालता चालता थांबली. तिला प्रश्नच कळला नाही.

"नाटक की बुद्धिबळ असं विचारलं होतं ना? बुद्धिबळ लवकर सुटतं. तू संगणकाच्या खोलीला कुलूप लावून येतेस तेव्हा मी फाटकाशी असते. नाटकाला तू थांबत बसली असतीस. तुझे गुडघे दुखतात संध्याकाळी."

"आणि नाटक की चित्रकला?"

"दोन्ही एकाच वेळी सुटतात. मग नाटक." ती आता सावध झाली होती. "चुकलं का? प्रत्येक प्रश्न वेगळा होता, मावशी. वर लिहिलं होतं, प्रत्येक जोडीचा नीट विचार करून उत्तर द्या."

ती सूचना बाईंनीच लिहिली होती. दोनदा वाचून, 'नीट' हा शब्द नंतर घालून.

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. जाताना त्यांचे पाय जड होते, आणि त्याला गुडघे कारण नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं, शिकवणीपासून फेऱ्यांपर्यंत.

"चोर सोडून संन्याशाला फाशी झालीय, सर. ज्यांनी खरोखर विचार केला तीच मुलं लाल झालीत. मी त्या सगळ्यांना बोलावते. एकेकाला विचारते. दोन दिवस द्या."

मुख्याध्यापकांनी मान तिरकी केली. बाईंना एकदम घरचं ताट आठवलं.

"बाई, त्या लाल मुलांत तुमची भाची आहे ना?"

"आहे."

"मग लोकांना काय सांगायचं? पहिल्या वर्षी अध्यक्षांचा नातू लाल झाला तेव्हा नियम पक्का होता. या वर्षी बाईंच्या घरातलं लाल झालं आणि नियम कच्चा निघाला?"

हिशोब बरोबर होता. बाईंनी स्वतः तपासला असता तरी त्यात अर्धा गुण कापायला जागा मिळाली नसती.

"त्यापेक्षा सोपं करू," मुख्याध्यापक मायेनं म्हणाले. "नाटकात एक जागा मी वाढवतो. तुमच्या मुलीला घालू. आपल्या सभागृहाला ज्यांनी पंखे दिले त्यांची मुलगीही अशीच अडकलीय, तिला पोहण्यात घालू. एक तुमची, एक आमची. नियम जिथल्या तिथे. आणि तसंही नाटकाचे सर तिला मागतच होते."

"आणि बाकीची लाल मुलं?"

"त्यांच्यासाठी कोण आलंय?"

खरं तर बाईंनी हो म्हणायला हवं होतं. निदान एक तरी योग्य मूल योग्य जागी गेलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे तो बिगुल आला आणि त्या म्हणाल्या, "नको. राहू दे आहे तसं."

बाहेर शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाई त्यांची वाट बघत होत्या.

"झालं काम?"

"मी नको म्हणाले."

"धन्य आहे तुझी. आता तत्त्व उकळ आणि पाज पोरीला."

घरी आल्यावर बाईंनी रेडिओला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. आपण जागा कशी नाकारली तेही सांगितलं. सांगताना आवाज थोडा उंच झाला, वर्गात प्रमेय सिद्ध झाल्यावर होतो तसा. मोठी झाल्यावर तुला कळेल, असंही म्हणाल्या.

रेडिओनं ऐकून घेतलं.

"म्हणजे ते देत होते?"

"देत होते. पण चुकीच्या वाटेनं."

"आणि तू नको म्हणालीस."

"हो."

"मला न विचारता?"

सगळ्या शाळेला जोडी जोडीनं विचारत बसणाऱ्या बाईंना हा एक प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं.

पोरीनं आदळआपट केली नाही, रडली नाही. ताटं घेतली, पाट उचलले आणि झोपायला गेली. फक्त त्या आठवड्यात मुख्याध्यापक जेवायला आले नाहीत. मग डॉक्टर येईनासे झाले, मग बसचा वाहक. एके सकाळी दारातून "मावशी, पातेलं" असा आवाज आला आणि बाई हसत हसत वळल्या, "आलीस का मूळपदावर?" म्हणत. दारात खराखुरा दूधवाला उभा होता. तो बिचारा गोंधळला.

शनिवारी रेडिओ बागेत जाई. बागेचे मास्तर म्हणत, पोरगी कामाला वाघ आहे, बोलत मात्र नाही. तिकडे सभागृहात अध्यक्षांचा नातू शिपायाची भूमिका करत होता. त्याला एक वाक्य होतं आणि तेही तो विसरे. नाटकाच्या सरांनी शेवटी ते वाक्य काढून टाकलं.

बाईंनी फेऱ्याचा नियम पुढच्या वर्षी काढला का? काढायचा होता. सुट्टीत त्यांनी नवी मांडणी करून आणलीही होती. लाल मुलांना समोर बसवून विचारायचं, अशी. पण तोवर पद्धत आसपासच्या शाळांनी उचलली होती, तिचं पत्रक छापलं गेलं होतं, आणि शिकवणीवाल्या सरांनी फेरामुक्त उत्तरांचा वर्ग दोन ठिकाणी सुरू केला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "आता ती तुमची एकटीची कुठे राहिली, बाई?" लाल ओळी जवळजवळ संपल्याच होत्या, त्यामुळे त्या नियमाचा त्रास कुणालाच होत नव्हता. जो होत होता तो कुणी मोजत नव्हतं.

त्या वर्षीची उत्तरं घातली तेव्हा बाईंनी रेडिओची ओळ आधी शोधली. ती लाल नव्हती. एकही फेरा नव्हता. बागेनं प्रत्येक जोडी जिंकली होती. नाटक प्रत्येक जोडीत हरलं होतं, अगदी तळाला, बुद्धिबळाच्याही खाली.

संध्याकाळी बाई फाटकाशी आल्या तेव्हा ती तिथे उभी होती, नखांत माती.

"हे असं का भरलंस?"

"आता जुळलं ना सगळं?"

"जुळलं. पण खरं आहे का ते?"

"खरं असायला हवं असं कुठे लिहिलं होतं, मावशी?" तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. ती खरोखरच आठवून बघत होती. "मागच्या वेळी सहाही गोष्टी बघून विचार केला तर बाग मिळाली. या वेळी विचार न करता बाग मागितली. मागितलेलं मिळालं की बरं असतं, एवढंच."

बाईंनी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं दिली नाही. दोघी चालत राहिल्या. वाटेत वरच्या मजल्यावरची म्हातारी भेटली, खोकली आणि म्हणाली, "काय गं, हल्ली तुझा आवाज येत नाही." रेडिओ तिच्याकडे बघून हसली, मोठ्या बायका हसतात तसं, नुसतं ओठांनी.

वार्षिक कार्यक्रमात बाईंचा सत्कार ठरला. बाई नको म्हणत होत्या, पण आता त्यांच्या नको म्हणण्याला शाळेत किंमत उरली नव्हती. सभागृह पालकांनी भरलं. पंखे फिरत होते. मुख्याध्यापकांनी भाषण केलं. या शाळेत आता कुणाच्या फोनवर काही ठरत नाही, ते म्हणाले, आणि अध्यक्षांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. शिकवणीवाले सर पहिल्या रांगेत बसले होते. सत्कारानंतर नाटक होतं, त्यामुळे पडद्याआड रंगवलेले चेहरे दाटीवाटीनं उभे होते आणि कुणीतरी त्यांना गप्प करत होतं.

"आणि आता," मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेच्या बागेत वाढवलेलं रोप बाईंना भेट."

रोपाची कुंडी घेऊन बागेच्या गटातली एक मुलगी विंगेतून आली. बाईंना आधी कुंडीच दिसली, मग हात, मग ती. रंगमंचावर कुठे उभं राहायचं, प्रकाश कुठे पडतो, लोकांकडे पाठ कशी करायची नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी ती अचूक तिथेच येऊन उभी राहिली. नाटकाच्या सरांनी विंगेतून ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

तिनं कुंडी पुढे केली. बाईंना वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. मुख्याध्यापकांच्या आवाजात, दूधवाल्याच्या आवाजात, कुणाच्याही. एवढी माणसं समोर आहेत, एवढा प्रकाश आहे. त्यांनी कुंडी घेताना हळूच म्हटलंही, "रेडिओ, काहीतरी बोल ना."

पोरीनं त्यांच्याकडे बघितलं आणि तितक्याच हळू, स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाली,

"खाली माती ओली आहे. कपड्यांना लागेल. लांब धर."

बाईंनी कुंडी लांब धरली. टाळ्या वाजल्या. फोटो काढणारा म्हणाला, "जरा हसा, बाई," आणि तोवर ती मुलगी विंगेत परत गेली होती.